पुरा हात

आमच्या घरात कामांची वाटणी कधी ठरवून होत नाही, अंगावर येऊन पडते. मुलीच्या बॉक्सिंगचंही तसंच झालं. माझी बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. तिनं एक दिवस मुलीला डॉक्टरांच्या खुर्चीत बसवून जबड्याचं माप घ्यायला लावलं, दातांवर बसवायचं रबरी कवच करून आणलं आणि जेवताना मला सांगितलं, "दातांचं मी पाहिलं. आता डोक्याचं तुम्ही पाहा."

दूध मी आणलं, भाजी तुम्ही आणा, याच सुरात.

मुलीला आम्ही बारकी म्हणतो. थोरला उंचापुरा निघाला आणि नोकरीसाठी दूर गेला. ही जन्मली तीच एवढीशी, आणि बावीस वर्षांची झाली तरी नाव काही सुटलं नाही. कुरिअरच्या गोदामात कामाला आहे, जवळजवळ स्वतःएवढ्या वजनाची खोकी उचलते. बॉक्सिंगला जाते हे तिनं आम्हाला बरेच महिने कळू दिलं नव्हतं. डोळ्याखाली काळंनिळं झालं की म्हणायची, गोदामाचं दार लागलं. तिसऱ्यांदा दार लागलं तेव्हा मी म्हणालो, "त्या दाराला एकदा घरी घेऊन ये, मला त्याच्याशी बोलायचंय." ती हसली आणि खरं ते सांगून मोकळी झाली.

मी सोफे आणि गाड्यांच्या सीटा दुरुस्त करतो. फोम कापायचा, चिकटवायचा, वरून रेक्झिन ताणून बसवायचं, हा माझा धंदा. बसणाऱ्याच्या हाडाला लाकूड लागू नये, एवढ्यासाठी दिवसभर राबणारा माणूस मी. तेव्हा डोक्याचं मी पाहायचं हे तसं रास्तच होतं.

त्यांचा हॉल टायरच्या दुकानावर आहे. जिना चढेपर्यंत रबराचा वास येतो आणि वर गेल्यावर घामाचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बारकी रिंगमध्ये होती आणि समोर एक लांबलचक मुलगी. तिला तिथं सगळे शिडी म्हणतात. दोघींच्या हातांत ग्लोव्हज, तोंडात कवच आणि डोकी उघडी. मी दारात उभा होतो तेवढ्यात शिडीचा हात बारकीच्या कानशिलावर आला. माझं टाळकं सटकलं. तिथूनच ओरडलो, "अरे, पोरींच्या डोक्याला काही आहे की नाही?"

सगळा हॉल थांबला. बारकीनं माझ्याकडे कसं पाहिलं, ते मी इथं सांगत नाही.

त्यांचे सर पुढे आले. चाळिशीचा माणूस, नाक मार खाऊन चपटं झालेलं, आवाज मात्र बँकेत बसल्यासारखा थंड. "काका, हा हलका हात चाललाय. तुम्ही जरा बसा, पूर्ण बघा."

मला काका म्हणणाऱ्या या माणसाचे स्वतःचे अर्धे केस पांढरे होते. तिथंच आमचं बिनसलं.

"हलका असो नाहीतर जड, डोकं ते डोकं," मी म्हणालो. "हेडगार्ड का नाही?"

"हेडगार्डचा आमच्याकडे एक नियम आहे. ऐकून घ्या, म्हणजे—"

"नियम तुमच्याजवळ ठेवा. पोरगी माझी आहे."

आणि मी तरातरा जिना उतरलो. उतरताना बरं वाटत होतं. बरोबर असल्यासारखं वाटलं की मला फार बरं वाटतं, घरात विचारा कुणालाही.

त्यानंतर मी बारकीच्या हात धुऊन मागे लागलो. सकाळी चहाला हेडगार्ड, रात्री जेवणाला हेडगार्ड. ती कारणं द्यायची. कान दाबले जातात. घाम डोळ्यांत उतरतो. बाजूचं दिसत नाही. डोकं मोठं दिसतं, म्हणजे समोरच्याला नेम धरायला आयतंच. मी म्हणायचो, यातलं एकही कारण माझ्या दुकानात टिकणार नाही, तू ते माझ्याकडे आण तरी. डोकं या विषयावर मी इतका बोललो की बायको म्हणाली, "तिचं राहू द्या, आता माझंच दुखायला लागलं."

मग एक दिवस जेवता जेवता बारकीनं हातातला घास तसाच धरून ठेवला. थोडा वेळ ताटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ठीक आहे बाबा. घालते हेडगार्ड. तुम्हीच नीट करून द्या."

माझा जीव भांड्यात पडला. पोरगी अशी सहज ऐकणाऱ्यातली नाही, हे तेव्हा तरी मनात यायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत. मी वर तिला अजून थोडं वाढलं.

खेळाच्या दुकानातून एक हेडगार्ड आणलं आणि माझ्या टेबलावर घेऊन उसवलं. आतला फोम स्वस्तातला होता, दाबला की दबलेलाच राहायचा. तो काढून चांगला घातला. गालांजवळच्या गाद्या आतून तिरप्या कापल्या, म्हणजे डोळ्यांना बाजूचं मोकळं. कानांपाशी मऊ कापड. घामासाठी कपाळाच्या आत पुसायच्या कापडाची पट्टी. बारकी कामावरून परस्पर दुकानात यायची आणि स्टुलावर बसून माप द्यायची. शेवटच्या दिवशी मी ते तिच्या डोक्यावर चढवलं आणि कपाळावर बोटांनी टकटक केलं.

"लागलं?"

"नाही."

मूठ करून हलकेच मारली. "आता?"

"काहीच नाही. बाबा, जोरात मारा ना."

मी काही मारली नाही. स्वतःच्या पोरीच्या डोक्यात मूठ मारायला हात उचलत नाही, फोम कितीही चांगला असला तरी. ती हसत सुटली आणि तशीच, ते डोक्यावर ठेवूनच, माझ्याबरोबर घरी आली. रस्त्यात लोक बघत होते. बायकोनं दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बाकी काही म्हणा, शिवलंय छान."

शनिवारी सकाळी दुकान उशिरा उघडायचं ठरवून मी बारकीबरोबर हॉलवर गेलो. तिला बघायला गेलो म्हणालो, पण खरं तर माझं काम बघायला गेलो होतो. सरांनी हेडगार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, गालाकडचा तिरपा काप बघून मान डोलावली. "काम चोख आहे, काका." त्या दिवशी काका ऐकूनही मला राग आला नाही. मी भिंतीला लागून असलेल्या बाकावर ऐसपैस बसलो.

सरांनी टाळी वाजवली. "बारकी आणि शिडी. पुरा हात."

शिडीनंही आपलं हेडगार्ड चढवलं. इकडेतिकडे दोरीच्या उड्या मारणाऱ्या, पिशवीवर ठोसे मारणाऱ्या मुली आपापलं काम टाकून रिंगच्या दोरांपाशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, नवीन हेडगार्ड बघायला आल्या असतील.

घंटा झाली. पहिला ठोसा बसला आणि मी बाकावर ताठ झालो.

गिऱ्हाइकाला सोफा देण्याआधी मी त्यावर एक मूठ मारून बघतो. फोम चांगला बसला असेल तर आवाज दबका येतो, भरलेला येतो. त्या आवाजानं मला नेहमी समाधान वाटत आलंय. आता तोच आवाज रिंगमधून येत होता, पुन्हा पुन्हा, आणि ज्यावर मूठ बसत होती ते माझ्या पोरीचं डोकं होतं.

शिडी मागच्या वेळची शिडी नव्हती. खांद्यापासून मारत होती. बारकीही तशीच, मान खाली घालून सरळ आत घुसत होती, जणू डोकं तिचं नव्हतंच. मी उठून सरांपाशी गेलो. "हे काय चाललंय? मागच्या वेळी असं नव्हतं."

"मागच्या वेळी हलका हात होता." सरांची नजर रिंगवरच होती. "आमच्याकडे डोकं उघडं असलं की अर्ध्याच जोरानं मारायचं. जास्त मारलं तर त्या दिवशी घरी. हेडगार्ड घातलं की पूर्ण जोर. हाच तो नियम, काका. त्या दिवशी तुम्हाला ऐकायचा नव्हता तो."

"हिला माहीत होतं हे?"

"सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगतो. ती केव्हापासून पुरा हात मागत होती. घरच्यांची तयारी असल्याशिवाय मी देत नाही कुणाला. परवा येऊन म्हणाली, सर, आता बाबाच हेडगार्ड करून देतायत."

ती ताटाकडे बघत काय विचार करत होती ते आत्ता कळलं. माझ्याच हातानं मी तिला तिथं उभं केलं होतं, आणि वर चोख काम केलं म्हणून शाबासकी घेऊन बसलो होतो.

घंटा झाली. बारकी कोपऱ्यात आली. मी दोरांना धरून म्हणालो, "बारके, काढ ते डोक्यावरचं."

तोंडातल्या कवचामुळे ती नुसतीच काहीतरी पुटपुटली.

"काढ म्हणतो ना! उघड्या डोक्यानं खेळ! हलका हात खेळ!"

दोरांपाशी उभी असलेली एक मुलगी फिसकन हसली. तिला तरी काय म्हणणार? महिनाभर सगळ्या हॉलला माहीत होतं की बारकीचा बाप हेडगार्डसाठी जीव टाकतोय, आणि आता तोच बाप ते उतरव म्हणून ओरडत होता. बारकीनं ग्लोव्हजच्या हातानं कवच बाहेर काढलं. घामानं चेहरा निथळत होता, पण असा चेहरा मी तिचा लहानपणानंतर पाहिला नव्हता, इतका खूश. "बाबा, प्लीज. घरी बोलू."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ती म्हणाली थांबते, तर मी लगेच थांबवीन. ती म्हणत नाहीये."

मग पुन्हा घंटा झाली आणि मी तिथंच उभा राहिलो. बाकावर जाऊन बसावं असं वाटलं नाही आणि निघून जाणंही जमलं नाही. मी बघत होतो एवढंच. त्या राउंडमध्ये शिडीचा एक हूक बाजूनं आला आणि बारकीची मान वळली. ती पडली नाही. डगमगलीसुद्धा नाही, निदान मला दिसलं नाही. उलट शेवटी तिनंच शिडीला एक असा ठेवून दिला की बाकीच्या मुली ओरडल्या. संपल्यावर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी हेडगार्ड हातात घेऊन बघितलं. एकही टाका उसवला नव्हता.

घरी परतताना माझ्या टेम्पोत मागे दुरुस्तीच्या दोन उघड्या खुर्च्या होत्या, त्या खडखडत होत्या. काय बोलायचं ते जुळवत होतो. बारकी खिडकीला डोकं टेकून बसली होती.

"शिडीला लागलं का हो बाबा? मी शेवटी जोरात मारला."

"नाही गं. तिला काय होतंय."

ती हसली. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "शिडीला लागलं का हो?"

"नाही म्हटलं ना."

वळणावर पुन्हा. "बाबा, शिडीला लागलं का हो? मी शेवटी जोरात मारला."

"अगं, कितीदा विचारशील? तुझंच ऐकतोय मघापासून, माझंही जरा—" असं म्हणत मी वळून पाहिलं. ती चिडवत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर तीच काळजी होती, ताजी. तिच्या लेखी ती मला पहिल्यांदाच विचारत होती.

टेम्पो वळवला आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला लागलो. बायकोला फोन केला तेव्हा काय बोललो आठवत नाही. सगळ्या रस्त्यानं बारकी तेच विचारत राहिली आणि मी दर वेळी तेच उत्तर दिलं, त्याच आवाजात, नाही गं, तिला काही लागलं नाही. दुसरं काही देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतंच.

हॉस्पिटलमध्ये डोक्याचे फोटो काढले. रक्तस्राव नव्हता. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. म्हणाल्या, मेंदूला धक्का बसलाय, पूर्ण विश्रांती, बहुतेक पूर्ण बरी होईल. पण हे बरं व्हायच्या आधी दुसरा धक्का बसला तर अवघड आहे. मी हेडगार्ड बरोबर नेलं होतं. त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "हे घातलं होतं तिनं. मी स्वतः केलंय."

त्यांनी अंगठ्यानं फोम दाबून पाहिला. "कपाळ फुटलं नाही, कान फाटला नाही, ते यामुळेच. पण मेंदू कवटीच्या आत हलतो. तिथं आपल्याला गादी घालता येत नाही."

"मग घालायचं की नाही घालायचं?"

"मला विचाराल तर खेळूच नये."

"ते ती ऐकणार नाही. खेळलीच तर?"

"तर मग मी खात्रीनं काही सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या.

एवढं शिकून हिला सांगता येत नाही म्हणजे काय, असं वाटून मला त्या बाईचा भयंकर राग आला. ती बिचारी खरं तेच सांगत होती.

पुढचे काही दिवस घरात पडदे ओढलेले असायचे. उजेड नको, मोबाइल नको, वाचन नको. बारकी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एकदा मला म्हणाली, "बाबा, ते द्या ना. ते... डोक्याखालचं." उशी हा शब्द तिला सापडत नव्हता. मी उशी दिली आणि शब्दही दिला. ती म्हणाली, "हो, उशी," आणि घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, अगं मलाही हल्ली नावं आठवत नाहीत, परवा गिऱ्हाइकाला त्याच्या भावाच्या नावानं हाक मारली. बाहेर येऊन न्हाणीघराचा नळ सोडला आणि रडून घेतलं.

बायकोनं रजा टाकली होती. तिनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. एकदाच, भांडी विसळता विसळता, तिनं मागे न बघता विचारलं, "उघड्या डोक्यानं राहिली असती, तर बरं झालं असतं?"

"मला माहीत नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली आणि पुढचं भांडं घेतलं.

बारकी हळूहळू सावरली. शब्द परत आले, भूक आली, मग चिडचिड आली आणि आम्हाला हायसं वाटलं. डॉक्टरांनी आधी कामावर जायला परवानगी दिली, मग पळायला. त्यानंतर आमचं ते बोलणं झालं, जे ती घरी बोलू म्हणाली होती. तिची आई इस्त्री करत होती. मी सरळ म्हणालो, "सोडून दे."

"नाही सोडणार."

"बारके, तुला उशी म्हणता येत नव्हतं."

"आठवतंय मला." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "बाबा, तुमचे दोन मणके गेलेत सोफे उचलून. डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं? केलंत दुकान बंद?"

"दुकानावर घर चालतं."

"माझं त्याच्यावर चालतं," ती म्हणाली. "दिवसभर मी कुणाची तरी खोकी या कप्प्यातून त्या कप्प्यात ठेवते. तिथं गेले की मी कुणीतरी असते."

बायकोची इस्त्री एका जागी थांबली होती. कापड जळायच्या आत तिनं ती उचलली.

"मग हलका हात खेळ," मी पडतं घेतलं. "उघड्या डोक्यानं. मी चकार शब्द काढणार नाही."

तेव्हा तिनं मला समजावून सांगितलं, मी तिला लहानपणी गणित समजवायचो तसं. येत्या निवड स्पर्धेत मुलींना हेडगार्ड सक्तीचं आहे, आणि तिथं कोणी हलका हात मारणार नाही. इथं फक्त हलका हात खेळून तिथं गेली, तर पहिला खरा ठोसा तिथंच बसणार, ओळखदेख नसलेल्या मुलीचा. त्यापेक्षा इथं, सरांच्या डोळ्यांसमोर सवय झालेली बरी. मी तिच्या बोलण्यात फट शोधत होतो आणि मला ती मिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता मी सरांकडे गेलो. या वेळी भांडायला नाही. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती आणि ती मला फार साधी वाटत होती. "सर, हेडगार्ड घालून हलका हात का नाही? दोन्ही का नाही?"

सरांनी मला बसायला खुर्ची दिली. "करून पाहिलंय, काका. सगळे आधी तेच करून पाहतात. समोर झाकलेलं डोकं दिसलं की मारणाऱ्याचा हात आपोआप जड होतो. त्याला कळतही नाही. आणि घालणाराही निर्धास्त होऊन आत घुसतो. सगळे म्हणायचे हलका, आणि मार बसायचा पुरा. म्हणून मी नियम केला. निदान काय चाललंय ते सगळ्यांना माहीत तरी असावं."

"फोम वाढवला तर? दोन थर?"

"डोकं जड होईल. मान जास्त वळेल."

"मग तुम्हीच सांगा, काय करू मी?"

ते आपल्या चपट्या नाकावरून बोट फिरवत राहिले. "माझी आई मला विचारायची, आज कोणाशी आहे? मी नाव सांगायचो. तिला त्यातलं कोणीच माहीत नसायचं, तरी रोज विचारायची." एवढंच म्हणाले. मी त्यांचे आभार मानून जिना उतरलो आणि खाली टायरच्या दुकानासमोर उगीचच उभा राहिलो.

डॉक्टरांनी पुढे खेळायचीही परवानगी दिली. देताना बारकीला जे काही सांगितलं, ते सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या. सरांनी घाई केली नाही. आधी नुसती पिशवी, मग बरेच दिवस उघड्या डोक्यानं हलका हात. मी रोज जायचो, बाकावर बसायचो, आणि पूर्वी ज्या उघड्या डोक्यानं माझं टाळकं सटकलं होतं, ते बघून मला आता बरं वाटायचं. म्हणजे माझं काय झालं होतं बघा.

मग एका संध्याकाळी बारकी जेवताना म्हणाली, "उद्या पुरा हात आहे." सकाळी बायको कामावर जायला निघाली, पायांत चपला घालून दारात घुटमळली. मला म्हणाली, "मला नाही बघवणार. पण तुम्ही जा. तिथं एकटी नको तिला."

हॉलवर त्या दिवशी सर शिडीच्या कोपऱ्यात होते, तिच्या हाताला काहीतरी झालं होतं म्हणून पट्टी बघत होते. बाकीच्या मुली दोरांपाशी जमल्या. मी बाकावरून उठून बारकीच्या बाजूला गेलो. तिनं हात गुंडाळून ग्लोव्हज चढवले होते, तोंडात आईनं करून आणलेलं कवच होतं. दोन्ही ग्लोव्हजमध्ये धरून तिनं हेडगार्ड कसंबसं डोक्यावर ओढलं. मागची दोरी तशीच लोंबत राहिली. एकदा ग्लोव्हज घातले की कोणालाच ती स्वतः बांधता येत नाही. दुसऱ्याच्या हातानंच बांधावी लागते.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. मग दोरांपाशी आली, माझ्याकडे पाठ केली आणि मान खाली घातली.

मी दोरीची दोन टोकं हातांत धरली. बांधली नाही तर ती रिंगमध्ये जाणार नाही, असं क्षणभर वाटलं. पण तसं नव्हतं. मी नाही म्हणालो तर शेजारची मुलगी बांधेल. सैल बांधली तर पहिल्या ठोशाला ते सरकून डोळ्यांवर येईल आणि पुढचा ठोसा तिला दिसणारही नाही. तिच्या मानेवर घाम आला होता आणि बारीक केस चिकटले होते. ते मी बाजूला केले, दोरीत अडकून ओढले जाऊ नयेत म्हणून.

दोरी ओवली, ओढली आणि गाठ मारायच्या आधी विचारलं, "घट्ट झालं का?"

तोंडात कवच होतं. तिनं नुसती मान हलवली. अजून.

मी अजून ओढली.